शेतकऱ्यापर्यंत माहिती पोहोचवताना : कृषी विस्ताराच्या कामात उतरणाऱ्यास पत्र

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

शेतकऱ्यांना माहिती कोणत्या माध्यमातून मिळालेली आवडते, असे तू विचारले आहेस. माध्यम ठरवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घे : नवी गोष्ट शेतकऱ्याच्या कानावर घालणारा आणि ती करून बघायला त्याला राजी करणारा, हे बहुधा दोन वेगळे जण असतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, याविषयी ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास 259 शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. त्या बियाण्याची पहिली बातमी सर्वाधिक शेतकऱ्यांना विक्रेत्यांकडून मिळाली होती; निर्णय घेताना मात्र शेजारच्या शेतकऱ्याचा शब्द वजनदार ठरला, आणि तरीही सुरुवातीला अनेकांनी ते थोड्याच क्षेत्रावर पेरून पाहिले.

याला हट्टीपणा समजू नकोस. सल्ला चुकला तर हंगाम हातचा जातो आणि तो तोटा सल्ला देणाऱ्याला नव्हे, पेरणाऱ्याला सोसावा लागतो. म्हणून कुणाच्या शेतात, कसल्या जमिनीत, किती पाण्यावर आणि किती खर्चात हे झाले, एवढे तो आधी विचारणारच. त्यामुळे प्रात्यक्षिकासाठी सर्वांत सधन शेतकऱ्याचे बागायती शेत निवडू नकोस. तिथले पीक पाहून लोक कौतुक करतील आणि ‘त्यांना परवडते’ असे म्हणून घरी जातील. ज्याची अडचण इतरांसारखीच आहे, त्याच्या बांधावर सर्वांना उभे कर आणि बोलण्याचे काम त्यालाच करू दे.

मोबाइलवरचा संदेश उपयोगी आहेच, विशेषतः पाऊस, बाजारभाव किंवा किडीची पूर्वसूचना देताना. पण तो कसा लिहिला जातो, याकडे बारकाईने पाहा. ‘हेक्टरी 500 मिली’ असे वाचून फवारणी करणाऱ्याला काही करता येत नाही, कारण त्याच्या पाठीवर 16 लिटरचा पंप असतो, हातात बाटलीचे टोपण असते आणि आपल्या तुकड्याला किती पंप लागतील, एवढेच त्याला ठाऊक असते. लेबलवर दिलेली मात्रा ओलांडली जाणार नाही, अशा बेताने एका पंपाला किती औषध घ्यायचे ते सांग, आणि शक्य तिथे आवाजात सांग. ज्याला वाचणे जड जाते, त्याला ध्वनिमुद्रित सूचना कामे आटोपल्यावर पुन्हा ऐकता येते. वेळही पाहावी लागते. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेल्यावर आलेला पेरणीचा सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी निरुपयोगीच.

नोंदवलेला नंबर बहुधा घरातल्या पुरुषाचा असतो, तर खुरपणी आणि बियाण्याची निवड कित्येक घरांत स्त्रिया करतात. संदेश गेला म्हणजे काम करणाऱ्या हातापर्यंत पोहोचला, असे धरून चालू नकोस.

सर्वांत मोलाची मला वाटते ती उलट प्रश्न विचारण्याची मुभा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने इंडोनेशियात 1989 मध्ये सुरू झालेल्या शेतीशाळांत व्याख्यानाला दुय्यम स्थान होते. भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा प्रश्न तिथे गंभीर होता. शेतकरी हंगामभर ठरलेल्या दिवशी शेतात जमत, भाताच्या चुडांवरील, म्हणजे रोपांच्या झुबक्यांवरील, किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मोजत, पिकाचे चित्र काढून त्यावर चर्चा करत आणि फवारणी करायची की थांबायचे, हे स्वतः ठरवत. कोळी तुडतुडे खातो, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला वारंवार फवारणी न करण्याचे कारण वेगळे समजावून द्यावे लागत नाही. अशा शाळांना वेळ आणि पैसा पुष्कळ लागतो, हे खरे. तरीही जिथे निर्णय गुंतागुंतीचा आहे तिथे संदेशावर भागवू नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ठाऊक नसेल तेव्हा तसे स्पष्ट सांग, कोणत्या दिवशी विचारून येणार ते सांग आणि त्या दिवशी जा. काढणी झाल्यावर, ज्यांनी तुझा सल्ला ऐकूनही वापरला नाही, त्यांच्याकडे आवर्जून जाऊन कारण विचार आणि ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घे; पुढच्या हंगामाचे संदेश लिहायला बसताना ती वही जवळ ठेव.

कळावे, लोभ असावा.