लेकीला फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकायचंय? जरूर शिकू द्या, पण...

ताई, लेक इथे अमेरिकेत हायस्कूलनंतर कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या पदवीचं कॉलेज) फायर सर्व्हिस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे अग्निशमन दलाचं प्रशासन घ्यायचं म्हणतेय, आणि दोन वर्षांनी ती थेट ऑफिसर होईल का, असं तुम्ही विचारलंयत. नाही होणार. तुमच्या डोळ्यांपुढे बहुधा नागपूरचं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज असावं. तिथला सब-ऑफिसर कोर्स करून भारतात थेट त्या पदावर लागता येतं. अमेरिकेत मात्र जवळपास सगळेच खालून वर चढतात: आधी फायरफायटर, मग लेफ्टनंट, कॅप्टन, बटालियन चीफ. ही पदवी खरी कामाला येते ती बढतीच्या वेळी.

भरतीची तयारी वेगळी करावी लागते. फायरफायटरची प्रमाणपत्रं हवीत, आणि ईएमटीचं, म्हणजे तातडीच्या वैद्यकीय मदतीचं प्रमाणपत्रसुद्धा. ईएमटीला दुय्यम समजू नका. इथल्या दलांना येणारे बहुतेक कॉल आगीचे नसतातच. कुणाच्या छातीत दुखतं, कुणाचे आजोबा बाथरूममध्ये पडलेले असतात. शिवाय अंगमेहनतीची चाचणी. बऱ्याच विभागांत सीपॅट असते: ५० पौंडांचं जॅकेट अंगावर चढवून ८ कामं १० मिनिटं २० सेकंदांत संपवायची.

मग पदवी कशाला, असं मात्र मुळीच म्हणू नका. बिल्डिंग कन्स्ट्रक्शन हा विषय तिने अगदी जीव ओतून करावा. इथल्या नव्या घरांची छपरं बहुधा हलक्या लाकडी ट्रसवर, म्हणजे बारीक लाकडं जोडून केलेल्या त्रिकोणी सांगाड्यांवर उभी असतात. ट्रसचे सांधे धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे दात लाकडात जेमतेम सेंटिमीटरभर रुतलेले असतात. तेवढं लाकूड जळालं की पट्टी सुटते, आणि वर चढलेला माणूस छपरासकट खाली येतो.

आणि प्रशासन म्हणजे नुसती कागदपत्रं नव्हेत. गाडीवरची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला किती माणसं लागतात? आठवड्याचे तास १६८, एकाची ड्यूटी सरासरी ५६ तास, म्हणजे तीन. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की आकडा चारकडे जातो. हा हिशेब सिटी कौन्सिलला पटवता आला नाही, की गाडीवर चौघांऐवजी तिघंच निघतात. जळत्या घरात दोघं आत तर दोघं बाहेर तयार, असा इथला नियम आहे. आत कुणी अडकलं नसेल तर त्या तिघांना दुसरी गाडी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि आग थांबत नाही. त्या टेबलावर ठामपणे बोलणारी शिकलेली माणसं दलात हवीत, असं मला मनापासून वाटतं.

कॉलेज निवडताना दोन गोष्टी विचारा: अभ्यासक्रम अमेरिकेच्या नॅशनल फायर अकॅडमीच्या 'फेशे' (FESHE) या नमुना अभ्यासक्रमावर आधारलेला आहे का, आणि क्रेडिट्स पुढे बॅचलर्सला कुठे कुठे धरली जातात. नोकरीसाठी नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डाची अट अनेक विभागांत असते, तीही आधीच पाहून घ्या. तुमच्या न्यू जर्सीत उपनगरांमधून स्वयंसेवी दलं भरपूर आहेत. कॉलेज सुरू होण्याआधीच तिला जवळच्या दलात चौकशी करायला पाठवा.