उपचार सारखे, मग बरं होण्यात फरक का?

प्रश्न : मी साताऱ्याचा माजी सैनिक. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयं आहेत. तरीही ऑपरेशननंतर गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या प्रकृतीत फरक पडतो, असं वाचलं. का?

प्रत्येक आजारात पडत नाही, हे आधी सांगते. प्रोस्टेटच्या कर्करोगाने अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात दगावतात. माजी सैनिकांच्या ‘व्हीए’ रुग्णालयांत मात्र २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही तफावत आढळली नाही. उपचार वेळेवर आणि सगळ्यांना मिळाले, की ‘वांशिक’ म्हणवणारे बरेच फरक विरघळतात.

सगळे नाही. व्हीएच्याच नोंदींवरच्या २००५ च्या अभ्यासात गुडघा बदलल्यानंतर कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग आणि इतर गुंतागुंत साधारण दीडपट दिसली. तीस दिवसांतल्या मृत्यूंत ठळक फरक नव्हता.

प्रश्न : बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या त्वचेवर चुकतो का? आपल्या सावळ्या लोकांचं काय? (डॅलस)

चुकतो, आणि मला ऑपरेशननंतरच्या काळजीत ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडतं. त्वचेला काळा रंग देणारं मेलॅनिन त्यातला काही शोषतं आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. व्हीएच्या साध्या वॉर्डांतल्या २०१३ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात ऑपरेशन झालेले रुग्णही होते. यंत्र ९२ किंवा अधिक दाखवत असताना धमनीच्या रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्यांत १५.६ टक्के, कृष्णवर्णीयांत १९.६ टक्के निघालं. (गोऱ्यांचा आकडाही काही कौतुकाचा नाही!)

आता ऑपरेशन झालेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. भूल उतरतेय, अफूवर्गीय वेदनाशामकांनी श्वास मंदावलाय, आणि ऑक्सिजन लावायचा की नाही हे त्या आकड्यावर ठरतंय. अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये मसुदा काढून, या यंत्रांच्या चाचण्यांत वेगवेगळ्या वर्णांचे जास्त लोक घ्यायला सुचवलं.

कोरोनात आपण घरोघरी घेतलेल्या ऑक्सिमीटरलाही हेच लागू. आकडा ठीक, पण रुग्णाला धाप लागतेय किंवा तो असंबद्ध बोलतोय, तर थांबू नका. धमनीच्या रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी, करायची का हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : तिकडचे कृष्णवर्णीय लोक गुडघ्याचं ऑपरेशन स्वतःच टाळतात म्हणे. मग दोष कोणाचा? (पुणे)

टाळण्याचं प्रमाण जास्त आहे, हे खरं. व्हीएच्या रुग्णांना विचारलं तेव्हा ऑपरेशननंतर जास्त दिवस दुखेल, चालणं जड जाईल, ही भीती कृष्णवर्णीयांमध्ये अधिक दिसली. तिला मी अडाणीपणा म्हणणार नाही. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९२३ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांसाठी रुग्णालय उघडलं. त्याच परिसरात १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीयांना उपचारांविना नुसतं निरखलं, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरसुद्धा! आणि गैरसमज डॉक्टरांकडेही आहेत : व्हर्जिनियातल्या २०१६ च्या अभ्यासात सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांनी ‘काळ्यांची कातडी जाड असते’ अशांपैकी निदान एक तरी खोटी समजूत मान्य केली. अशा डॉक्टरच्या हाती वेदनाशामकाचा डोस असतो.

प्रश्न : यावर इलाज? (नाशिक)

लवकर खायला देणं, लवकर चालवणं, वेदनाशामकं आधीच ठरवून ठेवणं. अलाबामातल्या एका विद्यापीठ रुग्णालयात (ते व्हीएचं नव्हे) आतड्याच्या ऑपरेशननंतर सगळ्यांना हीच ठरीव पद्धत लावली, तेव्हा आधी कृष्णवर्णीयांना जे जास्त दिवस राहावं लागत होतं, तो फरक उरला नाही.