धरणाखालचा विसर्ग आणि देशी मासे : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील यूटा राज्यात ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण आहे. तेथून संकटात आलेल्या देशी माशांसाठी पाणी कसे सोडले जाते, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरे.

प्रश्न : धरण झाले तरी वर्षभरात पाणी साधारण तेवढेच खाली जाते. मग मासे का संपावेत?

वर्षाची बेरीज फारशी बदलत नाही हे खरे; बिघडतो तो हंगाम. १९६२ मध्ये पाणी अडवण्यापूर्वी बर्फ वितळले की मे-जूनमध्ये ग्रीन नदीला मोठा पूर येई आणि उन्हाळा सरता सरता ती उथळ व कोमट होई. कोलोरॅडो पाइकमिनो, रेझरबॅक सकर, बोनीटेल आणि हंपबॅक चब या माशांचे जीवनचक्र याच चढउताराशी जुळलेले आहे. धरणाने पूर कापला, हिवाळ्यातला प्रवाह वाढवला आणि जलाशयाच्या खोलातले थंडगार पाणी भर उन्हाळ्यातही नदीत येऊ लागले. निरनिराळ्या खोलीवरून पाणी घेण्याची सोय १९७८ मध्ये झाल्यावर थंडीचा प्रश्न थोडा सौम्य झाला. अर्थात सगळे खापर धरणावर फोडता येणार नाही. त्याच १९६२ च्या सप्टेंबरात, हौशी मासेमारांच्या आवडत्या ट्राउट माशांसाठी जागा मोकळी व्हावी म्हणून, सरकारी यंत्रणांनीच या नदीत रोटेनोन हे विष सोडले होते. देशी मासे तेव्हा निरुपयोगी समजले जात.

प्रश्न : पाणी नेमके केव्हा सोडायचे, हे कसे ठरते?

पूर्वी धरणाचा विसर्ग खाली येऊन मिळणाऱ्या यॅम्पा नदीच्या पुराशी जुळवत असत, कारण यॅम्पाचा पूर अजून बराचसा नैसर्गिक आहे आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले की पातळी सर्वाधिक चढते. पाण्याचा हा हिशेब बरोबर होता, माशाचा चुकत होता. रेझरबॅक सकर चढत्या पाण्यात गोट्यांच्या पट्ट्यांवर अंडी घालतो. पिल्ले बाहेर पडून वाहू लागेपर्यंत पुष्कळदा पूर ओसरलेला असे आणि काठालगतच्या पाणथळींकडे जाणारी वाट कोरडी पडलेली असे. २०१२ पासून क्रम बदलला. वसंत ऋतूत, धरणाच्या खाली ग्रीन नदीकाठी असलेल्या जेन्सन गावाच्या परिसरात काठाच्या संथ पाण्यात रात्रभर उजेडाचे सापळे लावून ठेवतात. सापळ्यात आलेले पाणी गाळल्यावर जाळीवर सेंटीमीटरभर लांबीचे, जवळजवळ पारदर्शक, डोळ्यांच्या दोन काळ्या ठिपक्यांमुळेच नजरेत भरणारे पिल्लू दिसले, की तसे धरणाला कळवले जाते आणि विसर्ग वाढवला जातो. एवढ्याशा जिवाच्या वर्दीवर दीडशे मीटर उंचीचे धरण हालचाल करते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

चढलेल्या पाण्याबरोबर पिल्ले पाणथळीत शिरतात. तेथे पाणी उबदार असते आणि खाद्य मुबलक. स्ट्युअर्ट लेक या पाणथळीच्या तोंडाशी जाळी लावतात, म्हणजे पिल्ले आत येतात आणि मोठे, परके कार्प मासे बाहेर राहतात. पुढे पाणी उतरवून वाढलेली पिल्ले नदीत परत सोडली जातात.

प्रश्न : यात विजेचे नुकसान होत नाही का?

होते, पण मर्यादित. विद्युतगृहातून सुमारे ४,६०० क्युसेक पाणी जाऊ शकते. त्यावरचे, आणखी ४,००० क्युसेकपर्यंत, बगलेच्या नळांतून सोडावे लागते आणि त्यातून वीज मिळत नाही. असा विसर्ग थोडेच दिवस चालतो.

प्रश्न : उबदार पाण्याचा फायदा परक्या माशांनाही मिळत असेल ना?

मिळतो, आणि खरी अडचण तीच आहे. स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा देशी पिल्ले फस्त करतो, आणि पाणी सुमारे १६ अंश सेल्सिअसला पोचले की त्याची वीण सुरू होते. मात्र त्याच्या सवयीतच एक कच्चा दुवा आहे : नर काठाजवळच्या संथ पाण्यात घरटे करून अंड्यांची राखण करतो. ऐन त्या वेळी विसर्ग एकदम वाढवला, तर पाणी थंड व वेगवान होते, नर घरटे सोडतो आणि अंडी-पिल्ले वाहून जातात. फ्लेमिंग गॉर्जमधून असा प्रयोग प्रथम जून २०२१ मध्ये झाला. त्यासाठी मिळणारी मुदत मात्र तोकडी असते, कारण थोड्याच दिवसांत पाइकमिनोची पिल्ले प्रवाहात उतरतात आणि त्यांना तर कोमट, संथ पाणी हवे असते.

प्रश्न : एवढे करून मासे वाढले का?

सर्वांची गोष्ट सारखी नाही. हंपबॅक चबचा दर्जा २०२१ मध्ये ‘संकटग्रस्त’वरून त्याहून कमी गंभीर अशा ‘धोक्यात’ या पायरीवर आणला गेला. रेझरबॅक अजूनही मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या माशांवर तगून आहे, तर ग्रीन नदीतील पाइकमिनोची संख्या घटलेली आहे, आणि तिथे मला विसर्गापेक्षा बासचीच अधिक काळजी वाटते.