उसाच्या फडावर आलेल्या कुटुंबाचे सोबती होताना

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातली नुकतीच निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. माझी भाची जर्मनीत राहते आणि तेथे नव्याने आलेल्या एका निर्वासित कुटुंबाला शाळा, दवाखाना व सरकारी कागदपत्रे यांच्या कामी स्वेच्छेने सोबत करते. असे काम मला आपल्या भागात करता येईल का आणि सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : निर्वासितांना आसरा देणे आपल्या भागाला नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे ५,००० पोलिश नागरिकांची वसाहत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे होती. आज मात्र भारत १९५१ च्या निर्वासितविषयक करारात सहभागी नसल्यामुळे तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार पाहते आणि इतर बहुतेकांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीतील कार्यालयाकडे होते. सांगलीत बसून त्या कामात थेट पडणे अवघड आहे.

परंतु दिवाळीच्या आगेमागे बीडकडून किंवा आपल्याच जत तालुक्यातून जी ऊसतोड कुटुंबे आपल्या गावाच्या शिवारात खोपी घालतात, त्यांना अशाच सोबतीची फार गरज असते. ती निर्वासित नव्हेत, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेऊन हंगामापुरती आलेली असतात. तरीही परक्या गावात शाळा कोणती, दवाखाना कुठे आणि कोणाला विचारायचे, ही त्यांची अडचण तीच आहे.

पहिल्या भेटीला वही-पेन वाटायला जाऊ नका. दिवसा माणसे फडात असतात, म्हणून टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमाला कल्पना देऊन खाड्याच्या, म्हणजे तोड बंद असलेल्या दिवशी किंवा संध्याकाळी चुली पेटण्याच्या सुमारास जा आणि आधी त्यांचे ऐका. आपण शिक्षिका असल्यामुळे शाळेचा विषय प्रथम काढावासा वाटेल, तो थोडा मागे ठेवा. आई पहाटेच कोयता घेऊन निघते, दिवसभर मोळ्या बांधते आणि तेवढा वेळ नऊ-दहा वर्षांची मुलगी खोपीपाशी धाकट्याला कडेवर घेऊन बसते, हे आपल्याला तेथे दिसेल. त्या मुलीला शाळेत आणायचे असेल, तर आधी धाकट्याचे नाव अंगणवाडीत घातले पाहिजे. हा क्रम चुकल्यामुळे पटावर नावे चढतात आणि मुले चार दिवसांत गळतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळाप्रवेशाला कायद्याचा आधार आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयोगटातील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. मूळ शाळेने दिलेले शिक्षण हमी पत्रक जवळ असेल, तर मूल कोठवर शिकले आहे ते नव्या गुरुजींना लगेच समजते. लसीकरण सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि आधारशी जोडलेल्या शिधापत्रिकेवरचे धान्य येथील रेशन दुकानातूनही उचलता येते. मात्र या सर्व ठिकाणी कुटुंबातील कोणाला तरी बरोबर न्या व बोलणे त्यांनाच करू द्या. आपण शेजारी उभ्या राहा. पुढच्या हंगामात त्यांना दुसऱ्याच कारखान्याची टोळी मिळेल, तेव्हा हेच बोलणे त्यांना तेथे करायचे आहे.

उचलीच्या हिशेबात स्वतः मध्यस्थी करू नका. आपण घरी परताल, पण त्या कुटुंबाला मुकादमाबरोबर उरलेला हंगाम काढायचा असतो. तक्रार गंभीर असेल आणि त्यांची इच्छा असेल, तरच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत सल्ल्याची वाट दाखवा; त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. मूल संकटात असेल, तर मात्र वाट न पाहता १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. मुलांची छायाचित्रे काढून गटांवर टाकू नयेत, हेही कटाक्षाने पाळावे.

पट्टा पडण्याच्या, म्हणजे तोडीचा हंगाम संपण्याच्या दोन आठवडे आधी येथील शाळेकडून हमी पत्रक भरून घ्या, लसीकरणाचे कार्ड आईच्या हाती आहे ना ते पाहा आणि मूळ गावच्या शिक्षकांना फोन करून मूल कोणत्या आठवड्यात परतणार आहे ते सांगून ठेवा.