‘आर्टिस्ट्स बुक’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आली आहे. संग्रहातल्या ‘आर्टिस्ट्स बुक्स’साठी, म्हणजे कलाकाराने कलाकृती म्हणूनच घडवलेल्या पुस्तकांसाठी, मराठी फलक आणि सूची करायची आहे, ‘कलाकारांची पुस्तके’, ‘कलापुस्तके’, ‘कलाग्रंथ’, ‘चित्रपुस्तके’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

माझ्या मते चारही नकोत. ‘डॉक्टरांची पुस्तके’ म्हणजे त्यांनी लिहिलेली, त्यांच्या कपाटातली की त्यांच्यावरची, हे षष्ठीचा ‘ची’ सांगत नाही. ‘कलाकारांची पुस्तके’ म्हटल्यावर तोच घोळ होतो. शिवाय आज ‘कलाकार’ म्हटले की आधी नट-नटी डोळ्यांपुढे येतात. ‘कलापुस्तक’ आणि ‘कलाग्रंथ’ हे कलेविषयीच्या पुस्तकासारखे ऐकू येतात. ‘चित्रपुस्तक’ मुलांच्या पुस्तकांनी केव्हाच घेतला आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्यावा.

मुळात वस्तू काय आहे ते पाहू. इंग्रजीतही हे नाव फार जुने नाही. १९७३ साली फिलाडेल्फियाच्या मूर कॉलेज ऑफ आर्टमधल्या प्रदर्शनाला ते दिले गेले आणि पुढे रुळले. वस्तू मात्र त्याआधीची. एड रूशे या अमेरिकी चित्रकाराचे ‘ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’ १९६३ साली निघाले. रस्त्यावरच्या सव्वीस पेट्रोल पंपांची साधी छायाचित्रे, खाली फक्त पंपाचे आणि ठिकाणाचे नाव. पहिली आवृत्ती ४०० प्रतींची, छपाई ऑफसेटची. इथे ‘मूळ चित्र कुठे आहे?’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण छापलेली, बांधलेली, हातात घेऊन उलटायची प्रत हीच कलाकृती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते पुस्तक नाकारले, आणि रूशेने त्या नकाराचीच जाहिरात कलाविषयक मासिकात दिली. विषयावरून वर्गीकरण केले तर असे पुस्तक मोटारींच्या फडताळात जाऊन पडते. तुमच्याही सूचीत हाच धोका आहे.

म्हणून माझी शिफारस ‘पुस्तककृती’ या शब्दाची आहे. कलाकृती, साहित्यकृती, नाट्यकृती यांच्या पंगतीत तो सहज बसतो, आणि समासाचा विग्रहच व्याख्या सांगतो: पुस्तक हीच कृती. एक आक्षेप रास्त आहे. ‘पाककृती’मध्ये कृती म्हणजे करण्याची रीत, तेव्हा कोणी ‘पुस्तक बांधण्याची रीत’ असा अर्थ घेईल. फलकावर पहिल्यांदा ‘पुस्तककृती (आर्टिस्ट्स बुक)’ असे लिहिले की हा संशय उरत नाही. दुसरी अडचण उच्चाराची. क-कृ लागोपाठ आल्याने जीभ अडते, म्हणून फलकावर ‘पुस्तक-कृती’ असा संयोगचिन्हाचा वापर चालेल. मात्र मध्ये जागा सोडून दोन शब्द करू नयेत. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन तेच, अनेकवचनाची षष्ठी ‘पुस्तककृतींचा’. शेवटची ‘ती’ दीर्घ.

‘पुस्तकशिल्प’ हाही शब्द सुचतो, पण तो राखून ठेवावा. जुने पुस्तक कापून, चिकटवून, कोरून जी वस्तू होते आणि जी वाचता येत नाही, तिला तो नेमका बसतो. एखाद्या कवीच्या मजकुराला चित्रकाराने चित्रे दिली आणि प्रकाशकाने थोड्या, महागड्या प्रती काढल्या, तर ती ‘सचित्र विशेष आवृत्ती’. शंका आली तर एक कसोटी लावा: आशय दुसऱ्या आकारात, दुसऱ्या बांधणीत छापला तर काही हरवते का? काहीच हरवत नसेल तर ती पुस्तककृती नव्हे.

‘पोथी’ म्हणावे असा मोह होणे स्वाभाविक आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या, चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथींमध्ये कथेच्या सुट्या चित्रांच्या संचाला खरोखरच पोथी म्हणतात. पण तो शब्द तिथे जिवंत आहे, त्याला दुसरे काम लावू नये. वर्णनात मात्र ‘पोथीवजा, सुटी पाने’ असे जरूर लिहा. न शिवलेल्या पानांसाठी इतका चपखल शब्द दुसरा नाही. लांब पट्टीला मागेपुढे घातलेल्या घडीला ‘निऱ्यांची घडी’ म्हणता येईल. छायाचित्रकार दयानिता सिंह यांचे ‘म्युझियम भवन’ (२०१७) म्हणजे एका पेटीत अशा घडीच्या नऊ पुस्तिका.

सूचीत ‘सचित्र, ४८ पृष्ठे’ एवढ्याने भागत नाही. निऱ्यांच्या घडीत पृष्ठे मोजायची कशी? रूशेचे लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्याविषयीचे १९६६चे पुस्तक मिटले की हातात मावते आणि उघडले की सुमारे २५ फूट लांब होते. म्हणून मिटलेले माप, उघडलेले माप, घड्यांची संख्या, बांधणी (शिवण, तार की सुटी पाने), कागद व इतर साहित्य, छपाईची पद्धत आणि प्रतिक्रमांक अशा नोंदी करा. पेटी, वेष्टन, सुटी चिठ्ठीसुद्धा कृतीचाच भाग असू शकते, तेव्हा ‘आवरण’ म्हणून ती टाकून देऊ नका. शिक्का आणि बारकोडची चिकटपट्टी पुस्तकावर लावू नका. डिंक कागदात मुरतो आणि काढताना छपाई उचकटते. आम्लमुक्त कागदाचा लखोटा किंवा पेटी करून दाखलांक (ग्रंथालयाचा नोंदणी क्रमांक) मऊ पेन्सिलीने त्यावर घाला.

विषयशीर्षक म्हणून ‘पुस्तककृती’ द्या, शेजारी ‘आर्टिस्ट्स बुक’ असा पर्यायी शोधशब्दही ठेवा. विद्यार्थी काही वर्षे तरी त्याच नावाने शोधत येतील.