अ‍ॅजाइलची मूळ तत्त्वं कोणती? रोजची मीटिंग आणि स्प्रिंट म्हणजेच अ‍ॅजाइल का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीला लागून तीन महिने झाले, रोज सकाळी उभ्याने मीटिंग होते, दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक टप्पे, चालतात, पण यात अ‍ॅजाइल काय ते कळत नाही. अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडंथोडं बनवत, वापरणाऱ्याला दाखवत आणि बदलत पुढे नेण्याची विचारसरणी. तुम्हाला दिसतंय ते स्क्रम, म्हणजे ती राबवायची एक ठरलेली चौकट. तत्त्वं त्याच्या मागे आहेत, आणि नव्या माणसाला ती सहसा कुणी सांगत नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ जण जमले. त्यांत केंट बेक, मार्टिन फाउलर, स्क्रमवाले केन श्वाबर आणि जेफ सदरलंड होते. त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा म्हणून ४ मूल्यं लिहिली, त्यांना जोडून १२ तत्त्वं आली. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाची साथ, ठरलेल्या आराखड्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. प्रक्रिया, कागदपत्रं, करार, आराखडा यांनाही किंमत आहे, हे त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय. तरी 'आम्ही अ‍ॅजाइल, म्हणून डॉक्युमेंट लिहीत नाही' असं म्हणणारे भेटतात, तेव्हा मला खरंच राग येतो.

मला हे कळलं ते इथेच, इंदूरच्या सियागंजात. एका ठोक व्यापाऱ्यासाठी आम्ही ५ महिने बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवत होतो. शेठजींनी सही केलेल्या कागदाप्रमाणे सगळं तंतोतंत. पहिल्याच दिवशी मुनीमजींनी विचारलं, "लौटा हुआ माल कहाँ चढ़ाएँ?" परत आलेली पाकिटं ते त्याच गिऱ्हाइकाच्या पुढच्या बिलातून वजा करत. आम्ही त्यासाठी वेगळीच नोंद ठेवली होती, आणि स्टॉकचा सगळा हिशेब तिच्यावर उभा होता. बिल करणाऱ्या माणसाला ५ महिन्यांत आमच्यापैकी कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या कामात आम्ही दोन आठवड्यांत फक्त बिलाचा स्क्रीन केला आणि मुनीमजींच्या शेजारी जाऊन बसलो. यादीत ११ रिपोर्ट होते. त्यांना दोनच हवे होते, उधारी आणि दिवसाचा गल्ला. बाकीचे ९ आम्ही लिहिलेच नाहीत. १२ तत्त्वांतलं एक नेमकं हेच सांगतं: साधेपणा म्हणजे न केलेलं काम जास्तीत जास्त वाढवण्याची कला. आणखी एक आहे, प्रगतीचं मुख्य माप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर. किती टास्क बंद झाले हे नव्हे. टिकेल अशा गतीने काम करणं आणि टीमने ठरावीक काळाने थांबून स्वतःची पद्धत सुधारणं, हीही त्यातलीच. ती कामातून कळत जातील.

पुढच्या स्प्रिंट रिव्ह्यूला, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवायच्या बैठकीत, पाहा, ते सॉफ्टवेअर रोज वापरणारं कुणी समोर बसलंय का. नसेल तर मॅनेजरकडे तसा माणूस मागा, किंवा त्याच्याकडे जाऊन बसायची परवानगी. मी अजूनही दर दुसऱ्या शुक्रवारी विजयनगरच्या ऑफिसातून सियागंजला जातो.