बी.फार्म. झालेल्या बायकोने इंग्लंडमध्ये डिस्पेन्सिंग असिस्टंटचं ट्रेनिंग घेणं म्हणजे खाली उतरणं नाही का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. कोर्स किती दिवसांचा, फी कोण भरतं, आणि बी.फार्म. असताना हे करणं म्हणजे 'खाली उतरणं' नाही का. पहिल्या दोन्हींची उत्तरं चार ओळींत संपतात. तिसरीसाठी मी रात्री अकराला, भांडी तशीच टाकून, लॅपटॉप उघडलाय. आणि हो, हा प्रश्न बायकोने न विचारता तुम्ही विचारलाय, हेही माझ्या लक्षात आलंय.

आधी त्या चार ओळी. डिस्पेन्सिंग असिस्टंट किंवा डिस्पेन्सर म्हणजे फार्मासिस्टच्या हाताखाली प्रिस्क्रिप्शनवरची औषधं काढून त्यांना लेबलं लावणारा माणूस. हा कोर्स भारतातून पैसे भरून उरकून यायचा नसतो. आधी फार्मसीत काम मिळतं, मग कोर्स. काम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत दुकानाने तिचं नाव लेव्हल टूच्या मान्यताप्राप्त कोर्सला घालायचं आणि तिने तीन वर्षांच्या आत तो संपवायचा. बरेच जण वर्ष-सव्वा वर्षात संपवतात. मला चौदा महिने लागले, त्यातले तीन मुलाच्या आजारपणात गेले. फी बहुतेक वेळा दुकानच भरतं, पण मधेच सोडलंत तर पगारातून वळती करू अशी अट काही ठिकाणी असते, ती सही करायच्या आधी वाचा. या कामासाठी व्हिसा कुणी स्पॉन्सर करत नाही. ती डिपेंडंट म्हणून, म्हणजे तुमच्या व्हिसाच्या आधारावर येतेय, त्यामुळे तिला तो प्रश्न नाही. जीपीएचसी, म्हणजे ब्रिटनमधली फार्मसी कौन्सिल, फार्मासिस्ट आणि टेक्निशियन यांची नोंदणी करते. डिस्पेन्सरची करत नाही. तिचं नाव कुठल्याही रजिस्टरात येणार नाही, हेच तुम्हाला टोचणार असेल तर पुढचं वाचून फायदा नाही.

मी अकलूजची. आमचे आबा एका डॉक्टरांकडे एकतीस वर्षं कंपाउंडर होते. शिक्षण मॅट्रिक. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना गुलाबी मिक्स्चरची बाटली आठवत असेल, तिच्या पाठीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची, एक खाच म्हणजे एक डोस. त्या पट्ट्या आबा रात्री घरी बसून कातरायचे, आम्ही भावंडं खळ लावायचो. पावडरीच्या पुड्या ते इतक्या एकसारख्या घालायचे की एकावर एक रचल्या तर चवड वाकडी व्हायची नाही. आणि त्यांची एक सवय होती. फडताळातून बाटली काढताना तिच्यावरचं नाव पुटपुटायचे, ओतायच्या आधी पुन्हा, परत जागेवर ठेवताना तिसऱ्यांदा. घरात खोकल्याचं औषध देतानासुद्धा तेच. आम्ही त्यांची नक्कल करायचो. भाऊ मिठाची बरणी घेऊन 'मीठ, मीठ, मीठ' असं तीनदा म्हणायचा आणि आई हसायची.

मी पुण्यात बी.फार्म. केलं, चांगल्या मार्कांनी. २०१२ मध्ये लग्नानंतर लेस्टरला आले, २०१३ मध्ये बेलग्रेव्ह रोडच्या एका आडगल्लीत, साड्यांच्या दुकानांच्या मागे, एका केमिस्टकडे लागले. तिथले फार्मासिस्ट गुजराती, १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या कुटुंबातले. सगळे त्यांना भाई म्हणायचे. पहिले काही आठवडे मी फक्त टोट उघडले. होलसेलरकडून माल ज्या प्लास्टिकच्या क्रेटमधून येतो त्याला तिथे टोट म्हणतात. माल लावायचा, जुन्या तारखेचा पुढे, नव्या तारखेचा मागे. मनात म्हणायचे, फार्माकॉलॉजीत डिस्टिंक्शन आणि मी खोकी लावतेय. तुमच्या प्रश्नात जो सूर आहे तो माझा तेव्हा होता, म्हणून तो मला लगेच ओळखू आला.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवार, दुपारचे चार, काउंटरवर रांग. एका आजोबांचं प्रिस्क्रिप्शन, सात आयटम, सगळी त्यांची नेहमीचीच औषधं. लेबलं निघाली, मी भराभर औषधं काढली, लेबलं चिकटवली, लेबलावर 'डिस्पेन्स्ड बाय'च्या चौकोनात माझी आद्याक्षरं घातली आणि टोपली भाईंकडे सरकवली. 'चेक्ड बाय'चा चौकोन त्यांचा. त्यांनी सहा खोकी बाजूला ठेवली आणि सातवं माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "बेन, वाच."

मी वाचलं, अ‍ॅम्लोडिपिन, दहा मिलिग्रॅम.

"परत वाच."

अ‍ॅम्लोडिपिन, दहा मिलिग्रॅम. मला राग यायला लागला होता. मी म्हणाले, मी बी.फार्म. आहे, हे ब्लडप्रेशरचं औषध आहे, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, मला माहितीय. भाई आवाज न चढवता म्हणाले, "औषध कशाचं ते नको सांगू. अक्षरं वाच. एकेक."

ए. एम. आय.

तिथे मी थांबले. चौथं अक्षर वाचायची गरजच नव्हती. खोकं अ‍ॅमिट्रिप्टिलिनचं होतं. दोन्ही दहा मिलिग्रॅमची, दोन्ही अठ्ठावीस गोळ्यांची, एकाच कंपनीची, खोक्यावरची पट्टी एकाच रंगाची, आणि माल वर्णानुक्रमे लावलेला असल्यामुळे फळीवर एकमेकांना खेटून. लावली कुणी होती? मीच. आजोबांची ब्लडप्रेशरची गोळी बंद झाली असती आणि तिच्याऐवजी गुंगी आणणारी सुरू झाली असती. रात्री बाथरूमला उठणारा ऐंशीचा माणूस, पुढचं तुम्हीच समजा. या दोन औषधांमधला फरक मी परीक्षेत चार पानं लिहिला असता. ओट्यावर उभं राहिल्यावर एल आणि आय यांच्यातला फरक मला दिसला नाही. दोनदा मोठ्याने वाचूनही दिसला नाही, कारण डोळे खोकं वाचतच नव्हते, मला माहीत असलेलंच मला वाचून दाखवत होते.

भाई ओरडले नाहीत. 'निअर मिस'ची, म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत पोचायच्या आधी पकडलेल्या चुकांची, वही काढली आणि माझ्या हाताने लिहायला लावलं, तारीख, वेळ, काय झालं, का झालं. 'का' च्या रकान्यात मी 'गर्दी' लिहिलं. त्यांनी ते खोडायला लावलं. मग विचारलं, खोकं काढताना समोर काय होतं, प्रिस्क्रिप्शन की लेबल? लेबल. तीच तर मेख. औषध काढायचं ते प्रिस्क्रिप्शन बघून, लेबल बघून नाही. लेबल कॉम्प्युटरवर आपल्यासारख्याच कुणीतरी केलेलं असतं. तिथे चुकीची ओळ निवडली गेली आणि पुढच्याने लेबलावरून औषध काढलं, की लेबल आणि खोकं छान जुळतं आणि चूक बिनबोभाट पिशवीत जाते. हे माझ्या ट्रेनिंगच्या वहीत दुसऱ्या की तिसऱ्या धड्यात होतं. मी तो धडा 'हे काय, येतंच' म्हणत उत्तरं भरून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी मी दोन्हींपैकी एक औषध उचलून वेगळ्या फळीवर ठेवलं. आणि त्या दिवसापासून मी नाव तीनदा पुटपुटते. काढताना, लेबल लावताना, टोपलीत ठेवताना. शेजारची पोलिश मुलगी हसायची. हसू दे.

तर कोर्समध्ये हे असतं. बी.फार्म.वाल्यांना पुस्तकी भाग सोपा जातो. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण लहान मुलाचं अमॉक्सिसिलिन, पाच मिली दिवसातून तीनदा सात दिवस, किती द्याल? हुशार माणूस १०५ मिली म्हणतो आणि पुढे जातो. बाटली शंभर मिलीची असते. म्हणजे दोन बाटल्या, आणि पाणी घालायचं ते आई काउंटरवर आल्यावरच, कारण पाणी घातलं की बाटलीचे दिवस मोजायला लागतात. मेथोट्रेक्सेटच्या (संधिवातावरच्या) गोळ्या मोजायचा त्रिकोणी ट्रे वेगळा ठेवायचा, त्यात दुसरी गोळी मोजायची नाही, आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, हे दर वेळी विचारून खात्री करायची. रामिप्रिल कॅप्सूल लिहिलंय की टॅब्लेट, ते बघायचं. प्रीगाबालिनचं प्रिस्क्रिप्शन त्यावरच्या तारखेपासून अठ्ठावीस दिवस उलटले की चालत नाही, २०१९ पासून ते कंट्रोल्ड ड्रग, म्हणजे कडक नियमांखालचं औषध झालंय. व्हॅल्प्रोएटचं (फिट्सवरच्या औषधाचं) खोकं २०२३ च्या ऑक्टोबरपासून फोडायचं नाही, आखंच द्यायचं. म्हाताऱ्यांचे डोसेट, म्हणजे आठवड्याच्या गोळ्यांचे कप्प्यांचे डबे भरायचे, सात दिवस गुणिले चार कप्पे, अठ्ठावीस खणांत गोळ्या, आणि मधेच फोन आला तर पुन्हा पहिल्या खणापासून. यातलं काहीही अवघड नाही. रोज दोनशे वेळा, शुक्रवारी चार वाजतासुद्धा, तसंच करायचं, अवघड ते आहे.

आता 'खाली उतरणं'.

२०१५ चा मे महिना, पुण्यात पुतण्याची मुंज. पंगतीत मोठे दीर माझ्या शेजारी. त्यांनी विचारलं, तिकडे नक्की करतेस काय? मी उत्साहाने पाच मिनिटं सांगितलं, टोपल्या, चौकोन, चेकिंग. भावजी म्हणाले, "म्हणजे शेवटी कंपाउंडरच की!" पंगत हसली. समोरच्या रांगेत आबा बसले होते. त्यांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "हो ना, आमच्याच लायनीत आली पोरगी." आणि तेही हसले.

भावजींचा राग मला आलाच, पण आबा हसले त्याचा जास्त आला. वाटलं, आयुष्यभर डॉक्टरांपुढे वाकायची सवय, इथेही वाकले. त्या दिवशी मी भावजींना उलट बोलले नाही, नवऱ्याने पायाने खुणावलं म्हणून. आबा २०१९ मध्ये गेले. ते कशाला हसले हे मी त्यांना कधी विचारलं नाही. अलीकडे मला वाटतं, त्यांना खरंच आनंद झाला असावा. पण हे माझ्या सोयीचं आहे, हेही मला कळतं.

तेव्हा भावजींना जे बोलायचं राहिलं ते तुम्हाला सांगते. आपल्याकडे १९४८ चा फार्मसी अ‍ॅक्ट आहे. त्याच्या ४२ व्या कलमानुसार नोंदणी झालेल्या फार्मासिस्टशिवाय कुणी प्रिस्क्रिप्शनवरचं औषध देऊ नये. कायदा कडक. आणि प्रत्यक्षात? सर्टिफिकेट भिंतीवर काचेत, सर्टिफिकेटचा धनी भलत्याच गावात, आणि औषध देतो बारावी नापास पोऱ्या, ज्याला कुणी काही शिकवलेलंच नसतं. आपण डिग्रीची फ्रेम करतो आणि हाताचं काम पोऱ्यावर सोडतो. इंग्लंडमध्ये त्या पोऱ्याला वर्षभर शिकवतात, त्याची आद्याक्षरं लेबलावर घेतात, आणि चुकला तर वहीत लिहायला लावतात. यात खाली कोण आणि वर कोण, हे मला अजून कळलेलं नाही. (सगळी मेडिकल दुकानं तशी नसतात, मान्य. अकलूजमध्येच दोन जण असे आहेत की रात्री दोनला उठून औषध देतील आणि कसं घ्यायचं ते दोनदा समजावतील.)

आता ज्या गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. पैसे कमी आहेत. बऱ्याच दुकानांत पगार किमान वेतनाच्या आसपासच घुटमळतो, आणि ते एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड होतं. आठ-नऊ तास उभं राहावं लागतं, चांगले बूट घ्या, पहिल्या पगाराची वाट बघू नका. आणि तिला फार्मासिस्टच व्हायचं असेल तर या कोर्सने ती पायरी चढता येत नाही, तो रस्ता वेगळा: ओस्पॅप नावाचा, परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टांसाठीचा एक वर्षाचा कोर्स, मग बावन्न आठवड्यांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, आणि इंग्रजीसाठी आयइएलटीएस दिलीत तर चारही भागांत सात. त्यात बदल होत असतात, जीपीएचसीच्या साइटवर ताजं बघा. फी मोठी आहे. मुलं लहान असताना मला ते झेपलं नाही, आणि मला त्याची कधीच खंत वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आता मी अ‍ॅक्युरसी चेकिंग डिस्पेन्सर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या टोपल्या मी तपासते. त्यासाठी हजार आयटम तपासून वहीत नोंदवावे लागले. नव्या मुलींना खोकं पुढे धरून 'अक्षरं वाच' म्हणते.

भावजी सध्या मला औषधांच्या पट्ट्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. "ही कशाची आहे गं? घेऊ का?" परवाचा फोटो चार गोळ्यांच्या कापलेल्या तुकड्याचा होता. नाव कात्रीत गेलेलं, तारीखही गेलेली, मागे चंदेरी कागदावर नुसतं 'टॅब्लेट्स आयपी'. मी लिहिलं, भावजी, आख्ख्या पट्टीचा फोटो पाठवा. म्हणाले, आख्खी पट्टी दुकानदाराकडे आहे.